बुट्टीतला तिसरा नंबर

गावच्या विकास सोसायटीच्या चार निवडणुकांत मी पॅनेल निवडून आणलंय, तेही स्वतः एकदाही उभा न राहता. आमच्या तासगाव भागात हे काम करणाऱ्याला कुणी चांगलं म्हणत नाही आणि त्याच्यावाचून कुणाचं चालतही नाही. कुठल्या घरात किती मतं, कुणाचा मेहुणा कुणाच्या शब्दाबाहेर नाही, हे मला तोंडपाठ असतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण इलियासच्या गाण्याचं मी जे काही करून ठेवलं ते ह्याच डोक्यानं केलं.

इलियास म्हणजे ‘सायकलची घंटी’वाला इलियास. चौऱ्याण्णव साली ती कॅसेट आली आणि त्या वर्षी आमच्याकडं जेवढी लग्नं झाली तेवढ्या वराती त्या गाण्यावर नाचल्या. सांगलीत तेव्हा भाऊसोचं कॅसेटचं दुकान होतं. आठवडाभरात सगळ्यात जास्त खपलेल्या दहा कॅसेटींची नावं तो दर सोमवारी दाराशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहायचा. बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, वडापच्या, म्हणजे सीटा भरून नेणाऱ्या, जीपवाले त्या फळ्यापुढं उभं राहून यंदा काय वाजवायचं ते ठरवायचे. इलियास त्या फळ्यावर अकरा आठवडे एक नंबरला होता. त्या कॅसेटवर बेंजो, तो बटणं दाबून तारा छेडायचा, माझा आहे. कव्हरच्या मागं बारीक अक्षरात ‘बेंजो : रामगोंडा’ असं छापलंय, आता चष्मा लावूनसुद्धा दिसत नाही.

पुढं कॅसेटी गेल्या. मी वडिलांच्या द्राक्षबागेत आणि मग बेदाण्याच्या शेडात गुंतलो. बेंजो कपाटावर गेला तो गेलाच. इलियास मात्र गातच राहिला. लग्नं, वाढदिवस, पतसंस्थांचे वर्धापनदिन, जिथं बोलावतील तिथं. वर्षातून दोन-तीनदा तो सांगलीहून यायचा, गुणमालाच्या हातचा चहा प्यायचा आणि जायचा. गुणमाला म्हणजे माझी बायको. शेड माझ्या नावावर आहे आणि चालवते ती.

गेल्या जानेवारीत तो आला तेव्हा त्याच्या हातात एक वही होती.

“आठ नवी गाणी केल्यात,” तो म्हणाला. “नूरीनच्या ओळखीचा एक स्टुडिओ हाय पुण्यात. आदी एक करून बघू म्हणतीया. तुझा बेंजो पायजे गड्या.”

नूरीन त्याची मुलगी, पुण्यात नोकरीला असते. मी हसलो आणि म्हणालो, “माल काढनीला आलाय रं. आन बोटं आता बेंजोची ऱ्हायली न्हाईत, बेदान्याची झाल्यात.”

“बरं,” असं म्हणून त्यानं वही पिशवीत ठेवली. आणखी आग्रह केला नाही.

माल काढणीला आला होता हे खरं. पण दोन दिवस मी गेलो असतो तर बाग काही पळून जात नव्हती. खरं कारण असं, की पंधरा वर्षं मी त्या तारांना हात लावला नव्हता आणि पुण्याच्या पोरांपुढं माझी फजिती झालेली मला नको होती. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे मी निवडणुकीत शिकलोय आणि नको तिथंही वापरतो.

फेब्रुवारीत गाणं आलं. ‘थांब्यावर’ असं त्याचं नाव. मोबाइलच्या एका अ‍ॅपवर नूरीननं ते टाकलं. त्या अ‍ॅपवर दर शुक्रवारी मराठीतल्या सगळ्यात जास्त वाजलेल्या पन्नास गाण्यांची यादी लागते. भाऊसोचा फळाच म्हणायचा, फक्त खडू नाही. पहिल्या शुक्रवारी इलियास त्यात नव्हता, दुसऱ्याही नव्हता.

त्यानंतर त्याचा फोन आला. कोरेगावात कार्यक्रम करून तो परतत होता. आवाज नेहमीसारखा शांत, पण मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो.

“नवं गानं सुरू केलं,” तो म्हणाला, “एक कडवंबी झालं न्हाई. फुडनं एकजन म्हनला, काका, नवं ऱ्हाऊ दे, ते सायकलवालंच म्हना. म्या म्हनलं. लोक नाचलं. रामगोंडा, तीस वर्सं मी एकच गानं म्हनतोय रं.”

“चांगलंच हाय की मग. अजून लोक मागत्यात.”

“ते तवाच्या इलियासला मागत्यात. माझ्यात अजून गानं हाय का न्हाई, एवढंच मला बघायचंय. हे पन्नासात आलं तर बाकीची सात करीन. न्हाई आलं तर वही बंद. घंटी वाजवत बसायचं मरंपतोर.”

“आन आता नंबरचं काय यवढं? बासष्ट वर्सांचा झालास.”

“नंबर लागतो रं,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू. मला पायजेच हाय.”

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी उठलो आणि सरळ याद्या काढल्या.

काम तसं सोपं होतं. मत एकदाच देता येतं, गाणं मात्र दिवसभर लावता येतं. मी वॉर्डवार माणसं नेमली. दूध डेअरीवर अठरा फोन, तालमीत चोवीस, पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सात. बहीण कडेगावला दिलीय, तिच्या भावकीतले चाळीस. कुणी विचारलं, “आण्णा, गाणं कसलं हाय?” तर मी म्हणायचो, “आपल्या इलियासचं हाय, लावून ठेव.” पॅनेल कुठलं ते कळलं की उमेदवार कोण, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही.

सगळ्यात मोठा गठ्ठा माझ्याच शेडात होता. बेदाणा निवडायला बत्तीस बाया येतात. शेडचा एक नियम आहे, गुणमालाचा. मागं एकदा मोबाइलच्या कव्हरचा तुकडा बेदाण्याच्या पेटीत गेला आणि व्यापाऱ्यानं अख्खा माल परत पाठवला. तेव्हापासून सकाळी आत येताना प्रत्येकीनं आपला फोन दाराजवळच्या वेताच्या बुट्टीत ठेवायचा आणि जाताना घ्यायचा. म्हणजे रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बत्तीस फोन एका बुट्टीत रिकामे पडून असायचे. मी बायांना विचारलं, त्या “व्हय” म्हणाल्या. मी चार्जिंगच्या पट्ट्या आणल्या, प्रत्येक फोनवर ‘थांब्यावर’ लावलं, एकापाठी एक तेच वाजेल असं केलं, आणि बत्तीस फोनांचा गोंधळ नको म्हणून सगळ्यांचा आवाज शून्यावर नेला.

गुणमालानं बुट्टीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“आवं, हे गानं ऐकायचं हाय का उबवायचं?”

“तुला न्हाई कळायचं,” मी म्हणालो. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हे वाक्य मी जेव्हा जेव्हा म्हटलंय तेव्हा तेव्हा तिलाच कळलेलं असतं.

पुढच्या शुक्रवारी इलियास एकेचाळीस नंबरला आला. मी त्याला फोन केला नाही, त्याचाच आला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी सतरा. आणि मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी तिसरा. पहिल्या दोन जागांवर सिनेमातली गाणी, आणि तिसऱ्या जागी सांगलीच्या खणभागातला बासष्ट वर्षांचा इलियास. मला एवढा आनंद चारही निवडणुकांत मिळून झाला नव्हता.

शनिवारी दुपारी तो न सांगता शेडात आला. आदल्या दिवशी साताऱ्यात कुणाच्या तरी लग्नात गायला होता, तिथून कंदी पेढ्यांचे दोन पुडे आणले होते. नवा सदरा घातला होता, दाढी कोरलेली होती. बाया ताडपत्रीवर दोन रांगांत बसून बेदाण्यातल्या काड्या वेचत होत्या. गुणमाला वजनकाट्याशी होती आणि मी तिच्या शेजारी.

“वहिनी, तोंड गोड करा,” तो म्हणाला आणि स्वतः रांगेतून पेढे वाटत सुटला. मला तेव्हाच त्याला बाहेर काढायला हवं होतं, पण मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तसा तो मला अकरा आठवडे दिसला होता, तीस वर्षांपूर्वी.

“बायांनो, ऐकलं न्हवं गानं?” त्यानं विचारलं.

“व्हय व्हय, रोजच वाजतंय की,” सगळ्याजणी एकदम म्हणाल्या. मी तसं सांगून ठेवलं होतं.

“मंग दुसरं कडवं कसं वाटलं?”

आता कडव्याचं मी काही सांगून ठेवलं नव्हतं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी राणी, सगळ्यात लहान, उगीच गप्प बसायला नको म्हणून म्हणाली, “झ्याक हाय की काका. ते सायकलवालंच न्हवं?”

इलियास मागं वळला, तर समोर दाराजवळ बुट्टी. बत्तीस फोन चालू, प्रत्येकावर त्याचा फोटो, आणि शेडात फक्त काड्या मोडल्याचा आवाज. त्यानं एक फोन उचलून कानाला लावला. मग त्याच्या कडेचं बटण बघितलं. मग तो परत होता तसा बुट्टीत ठेवला, दुसऱ्याच्या घरातली वस्तू ठेवावी तसा, जपून.

“हे किती जागी हाय?” त्यानं विचारलं.

“दोनशे चौदा फोन,” मी म्हणालो.

तो एका रिकाम्या क्रेटवर बसला. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. भांडणाला उत्तर द्यायची मला सवय आहे. तो नुसता पेढ्याच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत होता.

“आन तवा?” तो म्हणाला. “भाऊसोचा फळा. अकरा आठवडं. तेबी तूच व्हय?”

गुणमाला वजन करायची थांबली. मला खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसानं तीस वर्षं त्या अकरा आठवड्यांवर काढली त्याला आता खोटं सांगणं माझ्या जिवावर आलं.

“पैल्या आठवड्याला चाळीस कॅसेटी म्या घेतल्या,” मी म्हणालो. “पावनं-रावळं लावून. फुडच्या दहा आठवड्यांना माझा हात न्हाई. आईशप्पत न्हाई.”

“त्या चाळीसचं काय केलंस?”

“वडापवाल्यांना वाटल्या. तासगाव-सांगली, तासगाव-कवठे. त्यांनी जीपमंदी वाजिवल्या दिवसभर. मंग लोक भाऊसोकडं मागायला लागलं.”

इलियास म्हणाला, “म्हंजे तवा निदान जीपमंदी मानसं बसलेली हुती.” आणि बुट्टीकडं बघत म्हणाला, “ह्यात कोन बसलंय रं?”

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी मान खाली घालून उभा राहिलो.

“एक इचारू?” तो म्हणाला. “तू ऐकलंस का?”

इथं मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनशे चौदा फोनांवर मी ते लावलं होतं. कुणाचा बंद पडला, कुणाचा चार्ज संपला, सगळं मला माहीत होतं. आणि ते गाणं मी एकदाही ऐकलं नव्हतं. वेळ नव्हता असं नाही. मला भीती वाटत होती. ते वाईट निघालं तर काय, इलियास संपलाय असं माझ्याच कानांना कळलं तर काय, ह्या भीतीनं मी ऐकलं नाही. सगळ्या तालुक्यात फक्त माझाच त्याच्या गाण्यावर विश्वास नव्हता, आणि मीच त्याचा प्रचार करत होतो.

“न्हाई,” मी म्हणालो.

त्याचे डोळे भरून आले. पहिल्यांदाच. तिसरा नंबर खोटा निघाला तेव्हा नाही, फळ्याचं कळलं तेव्हा नाही, ह्या एका शब्दाला आले. माझेही आले, आणि बत्तीस बायांपुढं मी ते सदऱ्याच्या बाहीनं पुसले.

गुणमाला काट्यामागून उठली. बुट्टीपाशी गेली आणि एकेक फोन उचलून बंद करायला लागली. सगळे बंद व्हायला बराच वेळ लागला. शेवटचा फोन राणीचा. तो तिनं बेदाणा वाळवायच्या जाळीच्या खांबाला चिंधीनं बांधला, गाणं पहिल्यापासून लावलं, आवाज पूर्ण वाढवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “बसा खाली.”

मी इलियासशेजारी दुसऱ्या क्रेटवर बसलो.

गाणं संथ होतं. एक ढोलकी, एक हार्मोनियम आणि इलियासचा आवाज. आवाज चौऱ्याण्णवचा नव्हता. वरच्या पट्टीत तो पूर्वी नुसता उडी मारायचा, आता पायऱ्या चढत जात होता, पण पोचत होता. एसटीच्या थांब्यावर बसलेल्या माणसाचं गाणं होतं ते.

‘गाडी गेली तर जाऊ दे, धूळ तरी बसू दे,
बाकावर तुझी जागा तेवढी मोकळी असू दे.’

बायांचे हात चालूच होते, पण बोलणं थांबलं होतं. दुसरं कडवं संपलं आणि गाणं एकदम रिकामं झालं. नुसती ढोलकी. हार्मोनियम नाही, आवाज नाही, ठेका तेवढा चाललाय. मी मनातल्या मनात मोजलं. सोळा आवर्तनं. मग इलियासचा आवाज परत आला आणि गाणं संपलं.

मग विजयमालाबाई, रांगेतली सगळ्यात म्हातारी, हातातली काडी टोपलीत टाकत म्हणाली, “सावकाश हाय. पन काम करताना बरं वाटतंय.” आणि जरा थांबून, “मदी कुनीतरी बोलायचं ऱ्हायलंय जनू.”

माझी मान आपोआप इलियासकडं वळली. तो दोरा गुंडाळत होता.

“नूरीनबी तेच म्हनली,” तो म्हणाला. “अब्बा, हितं बासरी टाकू, व्हायोलिन टाकू. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे मोकळं. ती जागा दुसऱ्याची हाय.”

“अक्का, परत लावा की,” राणी म्हणाली. “कडवं नीट ऐकाय आलं न्हाई.”

गुणमालानं परत लावलं. ह्या खेपेला ती मोकळी जागा आली तेव्हा माझ्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलली. कुठली बटणं दाबायची ते बोटांना माहीत होतं. मला वाटत होतं ती विसरलीत, पण विसरलो मीच होतो. गाणं चांगलं होतं. फार चांगलं होतं, आणि हे कळायला मला दोनशे चौदा फोन लागले.

जाताना इलियासनं शेडाच्या दारातूनच नूरीनला फोन लावला आणि झालं ते सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. “माझ्या मानसांनी केलंय, प्रेमानं केलंय, पन खोटं हाय,” एवढंच म्हणाला. तिकडून ती बरंच काही बोलत असावी. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “तूच कळव त्या अ‍ॅपवाल्यांना. त्यांनी नंबर काढायच्या आदी आपन काढू. व्हय, मला वाईट वाटतंय. न्हाई कसं वाटंल?”

त्याच दिवशी संध्याकाळी मी वॉर्डवार फोन केले आणि सगळ्यांना गाणं बंद करायला सांगितलं. दूध डेअरीवाला म्हणाला, “आण्णा, पडलं का आपलं पॅनेल?” मी म्हणालो, “व्हय, पडलं.”

पुढच्या शुक्रवारी यादी लागली. त्यात इलियास तिसरा नव्हता, पन्नासावा नव्हता, कुठंच नव्हता. मी सगळी यादी खालपर्यंत दोनदा वाचली. नाही म्हणायला आशा असतेच.

दुपारी चार वाजता शेडात बाया ओरडल्या, “अक्का, थांब्यावर लावा.” आठवडाभर रोज चार वाजता त्या हे मागत होत्या, दिवसातून एकदा, कधी दोनदा. गुणमालानं स्वतःचा नियम मोडून तो एक फोन खांबाला बांधून ठेवला होता. राणी आता दुसरं कडवं पाठ म्हणायची. मधल्या मोकळ्या जागेत मात्र सगळ्याजणी गप्प व्हायच्या आणि मी शेडात असलो की माझ्याकडं बघायच्या. त्यांना कुणी काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. मला वाटतं गुणमालानंच.

त्या दिवशी संध्याकाळी मी स्टूल घेतलं आणि कपाटावरनं बेंजो खाली काढला. दोन तारा गंजून तुटल्या होत्या, तीन बटणं अडकत होती. रॉकेल आणि कापूस घेऊन मी पुसायला बसलो. गुणमाला दारातून बघून गेली, काही बोलली नाही, हे तिच्याकडून फार झालं.

बटणं सुटी झाल्यावर मी इलियासला फोन लावला.

“यादी बघितलीस?” मी विचारलं.

“बघितली. नसनार हे म्हाईत हुतं, तरी बघितली.”

“वही बंद केलीस का?”

“अजून न्हाई.”

मला कसं विचारावं ते सुचत नव्हतं. जन्मभर मी दुसऱ्यांसाठी मतं मागितली, स्वतःसाठी काही मागायची वेळ आली नव्हती.

“बाकीच्या सात गान्यांत,” मी म्हणालो, “जागा ठेवलीयस का रं कुटं?”

तिकडं तो हसला. मग म्हणाला, “सातीच्या साती गान्यांत हाय. कवा येतोस?”

माल निवडून झाला की येतो, सौदा झाला की येतो, असं म्हणायची माझी सवय. मी बेंजोकडं बघितलं. दोन तारा नव्या घालायला लागणार होत्या, आणि त्या सांगलीतच मिळतात.

“उद्या सकाळच्या पैल्या गाडीनं,” मी म्हणालो.